ऑस्टिनच्या ओढ्याकाठचं बोल्डरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सकाळी पाठीवर गादी बांधून ओढ्याकडे निघालेला माणूस दिसला की शेजारीपाजारी विचारतातच. मग त्यांचे मित्र विचारतात, मग पुण्याहून मावसभाऊ फोन करून विचारतो. गेली काही वर्षं फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहराला लागून असलेल्या दोन जागांपुरतंच हे आहे: बार्टन क्रीक आणि बुल क्रीक. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. बोल्डरिंग म्हणजे नक्की काय? दोर न लावता चढायचं हा वेडेपणाच नाही का?

दोर नाही, हार्नेस नाही, उंचीही फार नाही. साधारण तीन ते पाच मीटरचा कातळ, पायात घट्ट बूट, कमरेला हाताचा घाम टिपणाऱ्या खडूची पिशवी आणि खाली जाड गादी, म्हणजे क्रॅश पॅड. पडणं इथे ठरलेलंच असतं. एकेका चढाईत आपण वीस-वीस वेळा पडतो. त्यामुळे पडायचं कसं, हे चढायच्या आधी शिकायचं (प्रश्न १०).

एका चढाईला 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि ते नाव मला फार आवडतं. या खेळाला स्वतंत्र ओळख मिळवून देणारे अमेरिकेतले जॉन गिल हे गणिताचे प्राध्यापक. जिम्नॅस्टिक्समधला खडू त्यांनी १९५० च्या दशकात कातळावर आणला. चार हालचालींचं गणित सुटत नाही म्हणून दोन-दोन महिने त्याच दगडाशी येणारी माणसं पाहिलीत की 'प्रॉब्लेम' हा शब्द किती नेमका आहे ते कळतं.

२. क्रीक म्हणजे खाडी ना? मग ऑस्टिनला समुद्र कुठून आला?

ठाण्याच्या माणसाला क्रीक म्हटलं की खाडीच डोळ्यांपुढे येणार. इथे मात्र क्रीक म्हणजे ओढा, गोड्या पाण्याचा. समुद्र अडीच-तीनशे किलोमीटर लांब आहे. मी पुढे सगळीकडे ओढाच लिहिलंय, कारण स्वभावही आपल्या ओढ्याचाच आहे: एरवी घोटाभर, आणि पाऊस झाला की ओळख विसरणारा.

३. दोन जागांपैकी पहिल्यांदा कुठे जावं?

पूर्ण नवखे असाल तर बार्टन क्रीक ग्रीनबेल्ट. झिल्कर पार्कपासून ओढ्याच्या कडेनं साधारण १२ किलोमीटरची पायवाट आहे, आणि गस फ्रू नावाच्या प्रवेशापासून थोडं चाललं की कातळभिंती सुरू होतात. दोर लावून चढणाऱ्यांची तिथे गर्दी असते. पायथ्याशी आडवं सरकत जायच्या ट्रॅव्हर्स करता येतात, आणि त्यात उंचीची भीती नसते.

बुल क्रीक शहराच्या वायव्येला, लूप ३६० रस्त्याच्या आसपास. तिथला कातळ ओढ्यावर ओणवा झालेला, छपरासारखा. हातात आणि पोटात ताकद लागते. दोन्हीकडे प्रवेशाचे पैसे नाहीत.

४. हा दगड आपल्या सह्याद्रीपेक्षा वेगळा कसा?

सगळ्यात जास्त लांबलेलं उत्तर हेच होणार, कारण बाकीचे निम्मे प्रश्न याच्यातून निघतात.

सह्याद्री म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ऑस्टिनचा दगड त्याहून जुना, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी उथळ उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडीचा थर. शिंपले, प्रवाळ, चिखल, सगळं दबून दगड झालं. बार्टन क्रीकला भिंतीवर हात फिरवताना शिंपल्याची कड बोटाला लागते, तेव्हा तोच होल्ड, म्हणजे धरायची जागा, असतो! आपल्याकडे चुनखडी म्हटलं की वणी-चंद्रपूरकडचे सिमेंटचे कारखाने आठवतात, नाहीतर पानाला लावायचा चुना. मूळ खनिज एकच, कॅल्साइट. घरी आणलेल्या खड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसतो. (खडा वाटेवरचा उचला, भिंतीचा तोडू नका.)

आता चढणाऱ्याला याचा काय उपयोग? पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडी हळूहळू खातं. म्हणून इथे बोटं घालायला खळगे मिळतात, एका बोटाचे, दोन बोटांचे. बेसॉल्टला कडा आणि भेगा असतात, खळगे कमी. मुंब्र्याला कडांवर बोटांची टोकं टेकवून चढायची सवय असलेला माणूस इथे पहिल्या दिवशी चाचपडत राहतो, कारण धरायची जागा दिसत नाही, ती बोटांनी शोधावी लागते.

बुल क्रीकची छपरं कशी झाली तेही मजेशीर आहे. तिथला खडक ग्लेन रोझ नावाच्या थराचा, म्हणजे याच टेक्ससमध्ये डायनोसॉरच्या पायांचे ठसे ज्यात सापडतात तो. त्यात कठीण चुनखडी आणि मऊ चिकणमातीसारखा मार्ल असे आळीपाळीनं पापुद्रे आहेत. ओढा मऊ थर खालून खात जातो, वरचा कठीण थर तसाच अधांतरी राहतो. आपण त्या अधांतरी थराला खालून लटकतो. ओढ्यानंच चढाईची जिम बांधून दिलीय म्हणा.

५. बार्टन क्रीकला गेलो तर पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही चुकीच्या ठिकाणी गेलो का?

नाही, बरोबरच गेलात. ओढा तिथेच आहे, फक्त जमिनीखाली. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली ती विरघळलेली चुनखडी भूगर्भात पोकळ्यांनी भरलीय. ओढ्याचं पाणी पात्रातल्या भेगांमधून एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यात उतरतं आणि शेवटी झिल्करपाशी बार्टन स्प्रिंग्जच्या झऱ्यातून वर येतं. तिथलं पाणी बारा महिने २० अंश सेल्सियसच्या आसपास असतं, जुलैतही आणि जानेवारीतही. चढून झाल्यावर सोललेली बोटं त्यात बुडवून बसणं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. (पोहण्याच्या तलावाला तिकीट आहे.)

कोरडं पात्र चढणाऱ्याला बरंच. भिंतीच्या पायथ्याशी जाता येतं, गादी टाकता येते. बुल क्रीक मात्र झऱ्यांवर पोसलेला, तिथे बहुतेक काळ पाणी झुळझुळत असतं.

६. कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते मार्च. थंड, कोरड्या हवेत बोटांना घाम कमी आणि दगडाला पकड जास्त. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांवर जातो. २०११ साली तर ऑस्टिननं असे ९० दिवस पाहिले. तरीही उन्हाळ्यात यायचंच असेल तर उजाडता उजाडता या आणि नऊला घरी जा.

एक ग्यानबाची मेख: डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन हंगामात, इथल्या अ‍ॅश ज्युनिपर झाडांचे पराग उडतात. त्याला इथे सीडर फीवर म्हणतात. ताप येत नाही, पण नाक-डोळे असे गळतात की पॅडवर पडून आभाळ बघावं लागतं. नव्या माणसाला पहिली एक-दोन वर्षं बहुधा काही होत नाही, आणि मग एके सकाळी होतं.

७. काल पाऊस झाला. आज चढता येईल का?

वालुकाश्म ओला झाला की कमजोर होतो, होल्ड तुटतात. चुनखडीचं तसं नाही, ओली झाली तरी ती सहसा तुटत नाही. पण साबणासारखी होते.

आणि इथे सगळे फसतात ते असं: पाऊस पडत असताना छपराखाली ठणठणीत कोरडं असतं, दुसऱ्या दिवशीही कोरडं असतं. मग तिसऱ्या दिवशी ऊन पडलेलं, तुम्ही खुशीत निघालेले, आणि भिंत पाझरत असते. वरच्या पठारावर पडलेलं पाणी भेगांमधून झिरपत खाली यायला वेळ लागतो. जोराच्या पावसानंतर मी चार दिवस धरतो. खळग्यात बोट घालून बघा, आत ओल असेल तर खडूचा चिखल करून ठेवू नका, दुसरा प्रॉब्लेम शोधा.

ओढ्याच्या पाण्याचं काय, ते पुढच्या प्रश्नात.

८. ओढ्याला किती पाणी असलं तर जायचं नाही?

मध्य टेक्ससला 'फ्लॅश फ्लड अ‍ॅली' म्हणतात, म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांचा पट्टा. उघडे खडकाळ उतार, पातळ माती, पाणी मुरायला सवड नाही. आखाताकडून येणारी दमट हवा बाल्कोनीस नावाच्या डोंगरकड्याच्या चढाला धडकली की एका रात्रीत कोसळते. १९८१ च्या मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या पुरात खुद्द ऑस्टिनमध्ये १३ माणसं गेली, तीही शहरातल्या ओढ्यांमुळे. जुलै २०२५ मध्ये ग्वादालुपे नदीनं शंभराहून जास्त बळी घेतले. हे घाबरवायला सांगत नाही. पण आपल्याकडे नदी फुगायला निदान दिवसभर पाऊस लागतो, अशी आपली समजूत असते. इथे वर कुठेतरी कोसळलेला पाऊस तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना खाली पोचतो.

सुदैवानं मोजमाप फुकट मिळतं. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानं लूप ३६० पाशी दोन्ही ओढ्यांवर मोजणीयंत्रं बसवलीत आणि प्रवाह ऑनलाइन दिसतो, घनफूट प्रति सेकंदात. म्हणजे आपला क्युसेकच! खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे वाचून भिडे पूल पाण्याखाली जाणार की नाही ते सांगणाऱ्या पुणेकराला वेगळं शिकवायला नको. माझा नियम: आकडा एक अंकी किंवा दहा-पंधरा असेल तर जायचं. पन्नासच्या वर गेला की पायथ्याच्या जागा बघूनच ठरवायचं. शंभर दिसले की घरी. आणि आलेख उभा चढत असेल तर आकडा कितीही लहान असो, निघायचंच नाही.

बुल क्रीकच्या वाटेवर स्पाइसवुड स्प्रिंग्ज रोडला ओढा ओलांडणारे फरशी पूल आहेत. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, समोरचा गेला तरी. कुठले पूल बंद आहेत ते एटीएक्सफ्लड्स या संकेतस्थळावर नकाशासकट दिसतं.

९. सामान काय लागतं आणि खर्च किती?

बूट, खडू, पॅड, मऊ ब्रश. बूट ८० ते २०० डॉलर, पॅड साधारण १५० ते ३०० डॉलर. पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. चढाईच्या जिममध्ये बूट भाड्यानं मिळतात, आणि ओढ्यावर भेटणारा प्रत्येक माणूस आपल्या पॅडवर पडू देतो.

बूट घट्ट हवेत, पण अंगठा दुमडून डोळ्यांत पाणी आणणारे नकोत. दुकानात कुणी 'दोन नंबर लहान घ्या' म्हणालं तर हसून सोडून द्या. नवी कोल्हापुरी चावते तितपत चावली की पुरे.

१०. पॅड टाकायला सपाट जागाच नाही. खाली दगड, शेजारी पाणी. कसं करायचं?

जिमची सवय इथेच आडवी येते. तिथे फरशी सगळीकडे मऊ असते, इथे तुम्ही टाकाल तिथेच मऊ.

आधी पडून बघा, म्हणजे मनात. कुठल्या हालचालीला हात सुटेल? शरीर कुठल्या बाजूला झोकलं जाईल? छपरावरून माणूस सरळ खाली पडत नाही, पाय सुटले की पाठीमागे झोका जातो. पॅड तिथे हवा. मोठे गोटे असतील तर खळगे रिकाम्या पिशवीनं किंवा जुन्या पॅडनं भरून मग वर मोठा पॅड टाका. दोन पॅडांमधली फट हा घोट्याचा शत्रू. माझा डावा घोटा अशाच चार बोटं फटीत गेला होता, तेव्हा मी जमिनीपासून जेमतेम कमरेएवढा वर होतो.

खाली उभ्या माणसानं, म्हणजे स्पॉटरनं, पडणाऱ्याला झेलायचं नसतं. कमरेला हात लावून त्याला पॅडकडे वळवायचं आणि डोकं दगडापासून लांब ठेवायचं. अंगठे आत, पंज्याला चिकटलेले. चढणाऱ्यानं गुडघे वाकवून पडायचं, मागे हात टेकायचे नाहीत. मनगट मोडतं ते तिथे.

पॅड पाण्याच्या कडेला असेल तर त्याला बांधायची दोरी सोबत ठेवा. एकदा माझा पॅड घसरून ओढ्यात गेला आणि आरामात तरंगत निघाला. मी मागे, अनवाणी, गोट्यांवरून. भिजलेल्या फोमला वाळायला आठवडा लागतो.

११. जिममध्ये व्ही४ करतो. इथे व्ही१ ला हात सुटतो. माझं काय चुकतंय?

काही नाही. 'व्ही' ही अवघडपणाची श्रेणी (आकडा मोठा तितकं अवघड) टेक्ससमधलीच, एल पासोजवळच्या ह्युएको टँक्सवरची. जॉन शर्मन यांचं टोपणनाव 'व्हर्मिन', त्यातला हा व्ही. ती खऱ्या दगडासाठी केलेली श्रेणी. जिमला गिऱ्हाईक टिकवायचं असतं, त्यामुळे तिथे हात जरा सैल असतो.

शिवाय जिममध्ये होल्ड रंगीत असतात. इथे सगळं एकाच राखाडी रंगाचं. हातापेक्षा पायांचं जास्त अडतं: पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही. चढायच्या आधी पाच मिनिटं खाली उभं राहून फक्त पायांच्या जागा शोधा. आणि ग्रीनबेल्टचे लोकप्रिय होल्ड इतक्या वर्षांत इतके हाताळले गेलेत की जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखे झिजून चकाकतात. तिथला व्ही१ आता व्ही१ राहिलेला नाही, हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायला मी तयार आहे.

१२. होल्ड तुटून हातात आला तर?

येतो, विशेषतः बुल क्रीकला, थरांचा दगड असल्यामुळे. बाजारात माठ घेताना बोटानं वाजवून बघतो तसा होल्ड वाजवा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर त्यावर जोर नको, आणि खाली उभ्या माणसालाही सांगा. बार्टन क्रीकला काही ठिकाणी चुनखडीत गारगोटीचे काळपट गोळे बसलेत. ते स्वतः कठीण असतात, पण बसलेले कितपत घट्ट आहेत ते तपासून घ्या. याच गारगोटीची इथले मूळ रहिवासी हत्यारं करत.

तुटलेला तुकडा गोंद लावून परत चिकटवायचा नाही. छिन्नीनं नवा होल्ड कोरायचा तर मुळीच नाही.

१३. खडूचे पांढरे डाग कसे काढायचे? तारेचा ब्रश चालेल का?

नाही! कॅल्साइटचा कठीणपणा मोह्सच्या मापावर फक्त ३. तारेनं घासलं की खडूबरोबर दगडही निघतो आणि होल्ड कायमचा गुळगुळीत होतो. नायलॉनचा किंवा केसांचा मऊ ब्रश वापरा, जुना दात घासायचाही चालतो. होल्ड दाखवायला खडूच्या रेघा मारल्या असतील तर जाताना पुसा. बूट चढायच्या आधी पँटला पुसा. ओढ्याची बारीक वाळू बुटाला चिकटते आणि पॉलिश पेपरचं काम करते.

१४. पॉयझन आयव्ही म्हणजे काय? सगळे एवढे का घाबरवतात?

कोकणातल्या किंवा विदर्भातल्या कुणाला एका वाक्यात सांगायचं तर: बिब्बा उतल्यासारखं होतं. आणि ही नुसती उपमा नाही. पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली. त्वचेवर फोड आणणारं आयव्हीतलं तेल, उरुशिऑल, आणि बिब्ब्याच्या तेलातली रसायनं एकमेकांची भावकीच. ज्यांच्या ओठाच्या कडेला आंब्याच्या चिकानं पुरळ येतं त्यांनी इथे दुप्पट सांभाळावं.

ओळखायचं कसं? एका देठाला तीन पानं, मधल्याचा देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ चिकटलेली. वेल असते, झुडूपही असतं. ओढ्याकाठी, सावलीत, नेमकं कातळाच्या पायथ्याशी वाढतं. हिवाळ्यात पानं झडतात, पण केसाळ दोरासारख्या वेलीतही तेल असतंच.

तेल लागल्याचं कळत नाही. खाज एक-दोन दिवसांनी सुटते. म्हणून शंका आली तरी लगेच थंड पाणी आणि साबणानं नीट धुवा. माझ्या बाबतीत झालं ते असं की हात मी धुतले, पॅडचे पट्टे धुतले नाहीत. पुढच्या शनिवारी तेच पट्टे खांद्यावर. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या बरोबर रुंदीचे फोड, जणू कुणी मापून काढलेत. बूट, पट्टे, पाण्याची बाटली आणि कुत्रा बरोबर असेल तर कुत्र्याची लव, सगळ्याला तेल चिकटतं. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

१५. साप?

आहेत. रॅटलस्नेक, कॉपरहेड, कोरल, पाण्याजवळ कॉटनमाउथ. चौघंही विषारी. न दिसणाऱ्या कपारीत हात घालायचा नाही, पॅड उचलताना आधी पायानं हलवायचा. चावलाच तर आणीबाणीचा नंबर, ९११. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. खरं सांगायचं तर मला सापापेक्षा लाल आगमुंग्यांनी जास्त वेळा पळवलंय. वारुळावर पॅड टाकलाय हे पहिल्या चाव्यापर्यंत कळत नाही.

१६. खाली खोल डोह असेल तर पॅड कशाला? पाण्यातच पडू.

या ओढ्यांत नाही. पूर येऊन गेला की डोहातली वाळू, गोटे, ओंडके जागा बदलतात. मागच्या महिन्यात छातीएवढं असलेलं पाणी आज गुडघाभर असेल. पाण्यावर चढायची हौस असेल तर लेक ट्रॅव्हिसच्या काठचं पेस बेंड पार्क त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथेही जलाशयाची पातळी खूप खालीवर होते. पूर्ण भरल्यावर ती समुद्रसपाटीपासून ६८१ फूट असते. आजचा आकडा त्याच्याशी ताडून बघा आणि कुणीतरी आधी उतरून खोली तपासल्याशिवाय वर चढू नका.

१७. काही भाग बंद का आहेत? पक्ष्यांसाठी म्हणे.

पक्ष्यांसाठी आणि एका इवल्याशा सॅलॅमँडरसाठी, म्हणजे पालीसारखा दिसणाऱ्या एका उभयचरासाठी. गोल्डन-चीक्ड वॉर्ब्लर हा पिवळ्या गालांचा पक्षी जगात फक्त मध्य टेक्ससमध्ये घरटं करतो, तेही जुन्या ज्युनिपरच्या सालीच्या पट्ट्या विणून. (प्रश्न ६ मध्ये ज्याला शिव्या घातल्या तेच झाड.) १९९० पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. त्याच्यासाठी १९९६ मध्ये बाल्कोनीस कॅनियनलँड्स प्रिझर्व्ह हे राखीव क्षेत्र उभं राहिलं आणि त्यातले बरेच तुकडे लोकांना बंद आहेत. बुल क्रीकच्या झऱ्यांत जॉलीव्हिल सॅलॅमँडर राहतो, २०१३ पासून संरक्षित. तो दगडांखाली असतो. म्हणून पॅडखाली सपाटी करायला झऱ्यातले दगड उचलून इकडेतिकडे रचू नका. प्रश्न १० मध्ये खळगे पिशवीनं भरा म्हटलंय ते त्यासाठीच.

१८. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, तरी एकानं 'खाजगी जागा' म्हणून हाकललं. असं कसं?

झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाची उभी रेघ होती का? टेक्ससच्या कायद्यात तिचा अर्थ 'आत येऊ नका' या पाटीइतकाच. रेघ किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद आणि जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर असते. ओढ्याच्या कडेनं चालत राहिलं की सार्वजनिक जागा कधी संपली ते कळत नाही, तेव्हा जांभळं दिसलं की वळायचं. वाद घालायचा नाही. चढणाऱ्यांबद्दल एका मालकाचं मत बिघडलं की पुढची दहा वर्षं सगळ्यांना भोवतं.

१९. गाडी कुठे लावावी?

गस फ्रूकडे लोकांच्या घरांसमोरची गल्ली आहे. पाट्या वाचा, कुणाच्या दारात लावू नका, सकाळी सातला मोठ्यानं बोलू नका. गाडीत पिशवी दिसेल अशी ठेवू नका, रिकामी असली तरी. काच फुटायच्या घटना या वाहनतळांवर नेहमीच्याच.

२०. आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना घेऊन जाऊ का? आणि मी पडलो तर विमा मिळतो का?

घेऊन जा. बार्टन क्रीकला सावली असते, बसायला जागा असते. घडीची खुर्ची न्या, पाणी न्या. माझी आई तासभर खुर्चीत बसून माझं पडणं बघत होती. शेवटी डब्यातली थालीपिठं काढत म्हणाली, "एवढं वर जाऊन परत खालीच यायचं होतं, तर जेवून तरी पडायचं होतंस."

विम्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. पाहुण्यांसाठी काढलेल्या प्रवास विम्यांत साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात आणि गिर्यारोहणाच्या व्याख्येत बोल्डरिंग धरलेलं असू शकतं. बाबांना 'एकदा करून बघू' म्हणून भिंतीवर चढवण्याआधी पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. तुमच्या नोकरीतल्या आरोग्य विम्याचीही वाचा. आणीबाणीच्या कक्षात नुसता घोटा दाखवायचं बिल मी पाहिलंय. त्या रकमेत पाच पॅड आले असते.

२१. मी पुण्यात असतो. महाराष्ट्रात असं ओढ्याकाठचं चुनखडीचं बोल्डरिंग आहे का?

पुण्या-मुंबईजवळ चुनखडी नाही, सगळा बेसॉल्ट. पण म्हणून हात चोळत बसायचं कारण नाही. मुंब्रा आणि बेलापूरला मुंबईकर फार वर्षांपासून चढतायत. १९५४ साली सुरू झालेल्या गिरिविहारसारख्या संस्थांनी तिथे पिढ्या घडवल्या. ग्रॅनाइटवर चढायचं तर हंपी, वालुकाश्मावर चढायचं तर बदामी. पावसाळ्यात मात्र बेसॉल्टवर शेवाळं येतं, तेव्हा बोटं घरीच बळकट करा.

२२. तुमच्याबरोबर एकदा येता येईल का?

या की. शनिवारी सकाळी साडेसहाला निघतो. शुक्रवारी रात्री मी मोजणीयंत्राचा आकडा बघतो आणि सहाला उठून परत बघतो. आकडा चढलेला असेल तर जाणं रद्द, आणि सगळे माझ्याकडे पोहे खायला. गेल्या मे महिन्यात सलग तीन शनिवार पोहेच झाले.